ग्लू गन बंद, आता जोडा

आर्ट कॉलेजच्या फाउंडेशनला, म्हणजे सुरुवातीच्या वर्षाला, थ्रीडी डिझाईन असा एक विषय असतो. दुसऱ्या टर्मला आमच्या सरांनी त्यात शिल्पाचा प्रोजेक्ट दिला आणि नियम सरळ फळ्यावर लिहून टाकले. मटेरियल विकत आणायचं नाही, म्हणजे सापडलेलं, निसर्गातलं नाहीतर कुणीतरी वापरून फेकून दिलेलं. जोडायला-बांधायला जे लागेल त्याचा खर्च ३०० रुपयांच्या आत. उंची किमान दोन फूट. आणि सगळ्यात खाली दोनदा अंडरलाइन करून, ग्लू गन बंद.

बाकीचे नियम वाचून कुणी काही बोललं नाही, पण ग्लू गन बंद म्हटल्यावर वर्गात जो गोंधळ झाला तो विचारू नका. कारण आम्ही सगळे शाळेपासून टाकाऊतून टिकाऊ करत आलेलो, आणि त्याचा फॉर्म्युला ठरलेला असतो ना, प्लास्टिकची बाटली घ्या, कापा, ग्लू गनने चिकटवा, वरून गोल्डन स्प्रे मारा आणि मोर म्हणा. नाशिकच्या उन्हात एप्रिलमध्ये तो मोर गाडीच्या डिकीत ठेवून बघा, गोंद मऊ पडून पिसारा खाली. मला तर त्या गोल्डन स्प्रेचा मनापासून राग आहे. वस्तू वापरायची ती तिच्या रंगासाठी, झिजेसाठी, तिच्यावरच्या खुणांसाठी, आणि मग तेच सगळं झाकून टाकायचं असेल तर बाजारातनं नवं मटेरियलच का नाही आणायचं?

सरांनी त्याच दिवशी स्लाइड दाखवल्या. पिकासोचा १९४२ सालचा बैल, म्हणजे सायकलचं सीट आणि हँडल, बास, बैलाचं डोकं तयार. चंदीगडचं रॉक गार्डन, नेकचंद नावाच्या रस्ते खात्यातल्या माणसाने फुटक्या बांगड्या, टाइल्स, जुने स्विच असलं काय काय गोळा करून वर्षानुवर्षं गुपचूप उभं केलेलं आणि १९७६ ला लोकांसाठी उघडलेलं. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ ला केलेलं संथाळ कुटुंब, सिमेंटमध्ये तिथलीच तांबडी खडी मिसळून. घानाचे एल अनात्सुई, दारूच्या बाटल्यांची झाकणं चपटी करून तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवतात आणि भिंतभर पडदे होतात त्याचे. आपल्या मुंबईच्या पिलू पोचखानवाला, भंगारातलं लोखंड वेल्ड करून शिल्पं करणाऱ्या. आम्हाला वाटलं आता सर याचा अर्थ काय, त्यामागची भावना काय वगैरे विचारणार. नाही. प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न, "जोडलंय कसं?" तार, वेल्डिंग, सिमेंट, खिळा, नुसतं वजन. आयडिया कुणालाही सुचते म्हणाले, तुमची आयडिया उभी कशी राहणार ते मला दाखवा.

तेव्हा हे वाक्य कंटाळवाणं वाटलं होतं. आता महिनाभर हात फाडून घेतल्यावर मी पण ज्युनिअर पोरांना तेच सांगते.

मटेरियलसाठी नाशिकसारखं गाव नाही हे मात्र खरं. अंबड-सातपूरला कारखाने, भंगारवाले, गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) नारळाच्या करवंट्या आणि फुलं आणि पाणवेली, जुन्या नाशकात तांबट आणि भांडीबाजार, आणि शहराच्या बाहेर कुठल्याही दिशेला निघा, द्राक्षबागा. आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या नात्यात कुणाची ना कुणाची बाग आहेच. माझ्या मामाची निफाड तालुक्यात आहे. त्याने मागच्या उन्हाळ्यात जुनी बाग तोडलेली, बारा-पंधरा वर्षांनी बाग थकते, माल कमी निघतो, मग खोडं उपटून नवीन लागवड करतात. ती उपटलेली खोडं बांधावर ढीग करून पडलेली होती आणि मामीच्या चुलीत एकेक जात होती. मी फोन केला तर मामा म्हणाला, "ये की, पण लवकर ये, मामी आंघोळीचं पाणी तापवतीये त्याच्यावर."

जानेवारीतलं निफाड म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको, महाराष्ट्रात सगळ्यात कमी तापमान कुठे तर पेपरात निफाडचं नाव ठरलेलं. सकाळी तारेला हात लावला तर बोटं बधिर. बागेत घडात पाणी उतरायला लागलं होतं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागले होते, त्यामुळे मामाचं लक्ष सगळं तिकडे, थंडीने मणी तडकतील का या टेन्शनमध्ये, मला म्हणाला जे पाहिजे ते उचल आणि मला काही विचारू नको. मग मी आणि मामाकडचे आबा ढिगाशी बसलो.

द्राक्षाचं खोड जवळून बघितलंय का कधी? बाहेरून साल सुटी सुटी, उभ्या पट्ट्यांनी निघते, हाताला लागते. आत लाकूड घट्ट आणि पिळ पडलेलं. वर जाऊन त्याचे दोन ओलांडे होतात, म्हणजे दोन बाजूंना तारेवर पसरवलेले हात, आणि दरवर्षी छाटणी झालेली असल्यामुळे त्या ओलांड्यांवर गाठीच गाठी. वर्षातनं दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणजे बारा वर्षांच्या खोडावर किती वेळा कात्री चालली असेल त्याचा हिशोब करा. मुळाकडची बाजू तर वेगळीच, उपटताना तुटलेली मुळं, त्यात अडकलेली माती. आणि सालीवर जागोजागी निळसर-हिरवे डाग. आबा म्हणाले बोर्डो पेस्टचे आहेत, मोरचूद आणि चुना कालवून खोडाला लावतात बुरशी लागू नये म्हणून. मला तो रंग इतका आवडला की मी घरी येऊन पहिल्यांदा साल घासायचा ब्रश बाजूला ठेवला. नंतर सरांनी पण तेच सांगितलं, हा रंग तू दिलेला नाहीस, त्याच्याकडून आलाय, राहू दे. (फक्त हात धुवायचे आणि सुकं घासताना तोंडाला रुमाल नाही, नीट मास्क लावायचा, कारण बोर्डोच नाही, बारा वर्षांच्या काय काय फवारण्या त्या सालीत असतील सांगता येत नाही.)

मी जी खोडं उचलली त्यातल्या दोनांमध्ये खोडकिड्याची भोकं होती. ही अळी आतनं लाकूड पोखरत जाते आणि बाहेर भुसा टाकते, बागायतदारांची मोठी डोकेदुखी. आबांनी ती खोडं बाजूला काढली, म्हणाले कीड घरी नेऊ नको. मी नेली. गच्चीवर काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उन्हात टाकली, आत जे काही असेल ते उष्णतेने मरावं म्हणून, मग उघडून वाळवली. वाळताना लाकडाला चिरा पडतात हे धरूनच चालायचं, म्हणून आधी वाळवायचं आणि मग कापायचं-जोडायचं. उलटं केलं तर जोड आपोआप ढिला होतो कारण लाकूड आडवं आकसतं.

खोडांबरोबर मामाकडून जुन्या ठिबकच्या नळ्यांचं एक भेंडोळं पण आणलं होतं, सोळा एमएमची लॅटरल, उन्हाने करडी पडलेली, ड्रिपर चोकअप झालेली. माझ्या डोक्यात होतं की नळी खोडाभोवती वेलासारखी गुंडाळायची. आता ही नळी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला साधा कुठलाच गोंद चिकटत नाही. फेविकॉल नाही, फेविक्विक नाही, अरल्डाइट सुकल्यावर पापुद्र्यासारखं सोलून निघतं. केमिस्ट्रीवाल्या ताईने सांगितलं की त्याचा पृष्ठभागच असा असतो की गोंद पसरत नाही, थेंब थेंब होऊन राहतो, गोंदाच्या बाटल्या म्हणूनच तर पॉलिथिनच्या असतात! हे ऐकून मी कपाळावर हात मारला. म्हणजे ग्लू गन बंद नसती तरी माझं काम झालं नसतं. नळी बांधता येते, भोक पाडून बोल्ट मारता येतो, खिळ्याने ठोकता येते. चिकटवता येत नाही. विषय संपला.

वर्गात तोपर्यंत प्रत्येकाचं आपापल्या मटेरियलशी असंच काहीतरी चाललेलं. जेलरोडच्या मैत्रिणीने गंगेतल्या पाणवेली घेतल्या. मनपा त्या काढून काठावर टाकतेच, फुकट, आणि पाहिजे तेवढ्या. गोणी भरून आणल्या, वाळत घातल्या, आणि वाळल्यावर गोणीभराचं मूठभर झालं, कारण त्या देठात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, आतनं सगळं स्पंज. मग ती परत गेली, परत आणल्या, परत वाळवल्या. एका ढिगाला मध्येच बुरशी आली कारण सावलीत ठेवला होता. पण वाळलेला देठ एकदा ओला करून पिळला की त्याची वेणी काय सुंदर होते, दोरीपेक्षा मऊ आणि ओढायला चिवट. तिने शेवटी वेण्यांचा माणसाच्या उंचीचा पोकळ घोस विणला, आत काहीच आधार नाही, वरून छताला टांगलेला. विणकामच जोड. तिला जोडायचा खर्च शून्य आला, ३०० रुपये वाचले म्हणून तिने आम्हाला मिसळ खाऊ घातली, रांगेत उभं राहून.

सिन्नरच्या पोराने एमआयडीसीतनं पंचिंगचं स्क्रॅप आणलं, म्हणजे पत्र्यातनं गोल चकत्या कापून घेतल्यावर उरलेली जाळी. त्याच्या काकांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे त्यामुळे तो वेल्डिंगच करणार होता. काकांनी पत्रा हातात घेतला आणि नाही म्हणाले, गॅल्वनाइज्ड आहे, वरचा जस्ताचा थर जळून जो पांढरा धूर होतो त्याने रात्री ताप भरतो, हुडहुडी भरते, वेल्डिंगवाल्या लोकांना हे चांगलं माहीत असतं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण कॉलेजची पोरं भंगार आणतात आणि सरळ जाळतात-वितळवतात. पीव्हीसीचा पाइप तर अजिबात जाळू नका, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा वायू निघतो. थर्माकोल गरम तारेने कापायचा असेल तर उघड्यावर. सिन्नरकराने मग पत्र्याचेच कान वाकवून एकात एक अडकवले, डब्याच्या पत्र्याला शिवण असते तसे, आणि ते वेल्डिंगपेक्षा जास्त छान दिसत होतं असं माझं मत. त्याला ते पटलं नव्हतं, त्याला शेवटपर्यंत वेल्डिंगच पाहिजे होतं.

पंचवटीतल्या एकाने तांब्याचं डोक्यात घेतलेलं. आता तांब्याचं कात्रण कुणी फुकट देतं का? भंगारात सगळ्यात जास्त भाव तांब्याला. तांबट आळीतल्या एका काकांनी त्याला काट्यावर वजन करून कात्रण दिलं आणि सांगितलं प्रोजेक्ट झाला की एवढंच वजन परत आण. म्हणजे त्याला वितळवायचं नाही, रंगवायचं नाही, हरवायचं नाही. पण त्या निमित्ताने तो त्यांच्याकडे जाऊन बसायला लागला आणि तिथनं जे शिकून यायचा ते आम्हाला सांगायचा. तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं आणि मग तडकतं, म्हणून मध्ये मध्ये लालभडक तापवून पाण्यात बुडवायचं, की परत मऊ. लोखंडी छिन्नीला पाणी देतात तेव्हा ती कडक होते, तांब्याचं बरोबर उलटं. आणि जुन्या हंड्यांच्या बुडाला नीट बघा म्हणाला, दोन पत्रे नुसते टोकाला टोक ठेवून डाग दिलेला नसतो, कडेला दाते कापून एकमेकांत बसवलेले असतात आणि मग झाळतात. आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी घरी जाऊन आजीच्या हंड्यांची बुडं बघितली. आमच्याकडे निघाला एक! इतकी वर्षं माळ्यावर पडलेला, त्यावर दातेरी रेघ स्पष्ट.

ओझरची एक जण होती तिला शहरात काही गोळा करायचा कंटाळा, तिने पांडवलेण्याच्या डोंगराच्या पायथ्याला पडलेली वाळकी पानं उचलली. सरांनी तिला अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश शिल्पकाराचे फोटो दाखवलेले, तो पानं एकमेकांना काट्यांनी टाचतो, गोंद-दोरा काही नाही. हिने बाभळीचे काटे आणले, पण पान वाळलं की काट्यापाशी फाटायचं. तेव्हा तिची आजी म्हणाली अगं पत्रावळ कशी लावतात माहीत नाही का, पान थोडं ओलसर असताना काडी घालायची, शिरेच्या अलीकडनं आत आणि पलीकडनं बाहेर, दोन टाके, शीर मध्ये धरली की पान फाटत नाही. पळसाची पानं आणून आजीने बसल्या बसल्या लावून दाखवली. आख्खा वर्ग ती पत्रावळ हातात घेऊन बघत होता. लग्नात हजार वेळा त्यावर जेवलो असू, आणि ती कशाने धरलीय हे कुणी बघितलं नव्हतं. तिचं शिल्प मग पळसाच्या पानांचा एक लांब गुंडाळा झालं, दरवाज्यातनं बाहेर पडून व्हरांड्यापर्यंत गेलेला. दोन फूट उंचीचा नियम तिने कसा बसवला ते तिलाच माहीत, सरांनी सोडून दिलं.

माझं काय, तर माझी खोडं वर्गाच्या कोपऱ्यात पडून. वाकडं लाकूड हातात आलं की त्यात माणूस दिसतो, हा सगळ्यांचाच प्रॉब्लेम आहे. खोड उलटं केलं की दोन ओलांडे म्हणजे दोन पाय, खोड म्हणजे धड, मुळं म्हणजे पिंजारलेले केस. कुणीही येऊन बघायचं आणि म्हणायचं, "अरे ही तर नाचणारी बाई." एक मॅडम म्हणाल्या शेतकरी कर, कर्जाने वाकलेला, खूप इमोशनल होईल. मला ते नको होतं. मामाकडचे प्रश्न मला माहीत आहेत, बेदाण्याचा भाव आणि अवकाळी आणि व्यापारी पैसे बुडवून पळून जातो ते, पण ते सगळं एका वाकड्या लाकडावर लादून टाळ्या घ्यायच्या, हे मला जमलं नसतं. सरांना विचारलं तर म्हणाले, "माणूस दिसला ना? मग तो दिसायचा थांबेपर्यंत फिरवत बस."

फिरवत बसले. आणि एक गोष्ट लक्षात आली की उलटं खोड दोन ओलांड्यांवर उभं केलं की दोन बाजूंना पडत नाही, पुढे किंवा मागेच पडतं. साहजिक आहे, दोन पाय आहेत. म्हणजे अशी दोन खोडं घेतली आणि एकमेकांकडे पाठ करून बाहेरच्या बाजूला कलती केली, आणि दोघांची वरची टोकं तारेने बांधली, तर दोघंही पडायला बघतील आणि दोघंही एकमेकांना पडू देणार नाहीत. खिळा नको, गोंद नको, स्क्रू नको. बागेत मांडव असाच तर उभा असतो! कडेचे अँगल बाहेर कललेले आणि तारा ताणून सगळं जागेवर. मी लहानपणापासून त्या तारांखालून वाकून पळत आलेय.

तार मामाचीच, जुन्या बागेची. टाइटनर, म्हणजे आटे फिरवून तार ताणायचं साधन, ते पण त्यानेच दिलं, परत द्यायच्या बोलीवर. आता नुसती तार बांधून ती ताठ राहीना, खोडं थोडी बसली की ढिली. मग मध्ये वजन टांगायचं ठरलं, म्हणजे लाकूड जरी थोडं हललं तरी वजन खाली येऊन तार ताणलेलीच राहील. वजन म्हणून दगड. सोमेश्वरच्या पुढे गंगेच्या पात्रात आवर्तन नसताना, म्हणजे धरणातनं पाणी सोडलेलं नसताना, दगड उघडे पडतात, तिथनं एक गोल काळा उचलला, लहानच वाटत होता, मामाच्या क्रेट मोजायच्या काट्यावर १४ किलो भरला. काळा दगड फसवा असतो, एक घनफूट दगड ८० किलोच्या वर जातो, त्यामुळे डोळ्याच्या अंदाजाने उचलायला जाऊ नका, कंबर जाते.

इथे मला आमच्या शेजारच्या पॉलिटेक्निकवाल्या दादाने जे सांगितलं ते कुठल्याच आर्टच्या वर्गात सांगत नाहीत. तार जितकी सरळ, तितका तिच्यात ताण जास्त. म्हणजे दगड १४ किलोचा असला तरी तारेत १४ किलोचा ताण नसतो. तारेला झोळ कमी असेल, समजा दोन्ही बाजूंना आडव्या रेषेपासून १० अंशच खाली आली असेल, तर तारेतला ताण ४० किलोपर्यंत जातो. आणि ३० अंश झोळ दिला तर दगडाएवढाच, १४. म्हणून तर कपडे वाळत घालायची दोरी जास्त ताणून बांधली की भिंतीतला खिळा निघून येतो. मी ते आधी चहाच्या ग्लासात पाणी भरून, मग पाण्याच्या बाटल्या टांगून करून बघितलं, झोळ वाढवत वाढवत, जिथे खोडं शांत उभी राहिली तिथे खूण केली. दगड सगळ्यात शेवटी.

पण गुळगुळीत दगड तारेत राहणार कसा? पिशवीत घालायचा नव्हता, जाळीत पण नको, ते मासे विकायला ठेवल्यासारखं दिसतं. तेव्हा आमच्या कॉलनीत पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या मावशी येतात, आजकाल मिक्सरमुळे क्वचितच, त्यांना थांबवलं. दगड बघून म्हणाल्या, "याला काय वाटायचंय तुला, पोरी?" सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दगड मांडीशी फिरवून फिरवून बघितला, एका बाजूला छिन्नी लावून टकटक करून आवाज ऐकला, मग दुसऱ्या बाजूला. म्हणाल्या इथनं घेतलं तर फुटंल, इथनं घेते. आणि चारी बाजूंनी तार बसेल एवढी बारीक खाच काढून दिली, एवढी सरळ की मला पेन्सिलने पण रेघ तशी येत नाही. ३०० मधले सगळ्यात मोठे पैसे मी त्यांना दिले आणि बजेटच्या कागदावर जोडणी खर्च म्हणून तेच पहिलं लिहिलं.

तार खोडाला जिथे वळते तिथे साल कापत होती. त्यावर उपाय मामाने फोनवरच दिला, त्याच्यासाठी ती रोजचीच गोष्ट, ठिबकच्या नळीचा तुकडा उभा चिरायचा आणि तारेवर चढवायचा, मग तार खोडात रुतत नाही. म्हणजे वेल म्हणून आणलेली नळी शेवटी तिच्या कामाला लागली, आणि चिकटवायची वेळच आली नाही. एका खोडाला तर तार बाहेरनं गुंडाळायचीच गरज पडली नाही, खोडकिड्याने पोखरलेलं भोक आरपार निघालं होतं, त्यातनं ओवली. त्यात नळीचा तुकडा बसत नव्हता, मग पंचवटीवाल्याने तांब्याच्या कात्रणाची बारीक पुंगळी करून दिली आणि तांबट काकांना वजनात तेवढं कमी भरेल म्हणून माझ्या नावावर उधार लिहून ठेवलं.

वर्गातल्या शहाबादी फरशीवर ते उभं राहिलं. डिस्प्ले मात्र हॉलमध्ये, तिथे चकचकीत टाइल्स, आणि तिथे पाय आत आत सरकायला लागले. बरोबरच आहे, तार वरनं आत ओढते, मग पायांना खाली कशाने तरी धरून ठेवायला पाहिजे, खरबरीत फरशी ते काम करत होती, टाइल्स करत नव्हत्या. पंक्चरवाल्याकडनं जुन्या टायरचे तुकडे आणून ओलांड्यांच्या टोकांना खिळ्यांनी मारले. दिसतात ते, लपवले नाहीत.

नाव द्यायचं होतं, मी "ताण" दिलं. वर्गात दोन जणांनी परीक्षेचा ताण असा जोक केला, चालतंय.

डिस्प्लेला आईबाबा लोक आले, आसपासच्या शाळेची पोरं आली. पोरं बरोबर तिथेच बोट लावतात जिथे लावायचं नसतं, प्रत्येक जण तार टिंग करून वाजवून बघत होता आणि दगड हलत होता, मी बाजूला उभी, जीव मुठीत. एका काकांनी विचारलं पॉलिश का नाही केलं, एका काकूंनी विचारलं यावर गोल्डन मारलं तर दिवाणखान्यात ठेवता येईल का. हसून सोडून दिलं.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले ते वयस्कर होते, फार बोलले नाहीत. पाणवेलीच्या घोसात आत शिरून उभे राहिले बराच वेळ. सिन्नरकराच्या पत्र्याचे वाकवलेले कान बोटाने तपासले आणि त्याला म्हणाले वेल्डिंग नाही केलंस ते बरं केलंस, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यापाशी आले, खाली वाकून टायरचे तुकडे बघितले, पुंगळी बघितली, मग म्हणाले, "सोडून दाखव." मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. परत म्हणाले, सोड आणि परत उभं कर, माझ्यासमोर. एका मुलाला एक खोड धरायला लावलं, दुसरं मी धरलं, टाइटनर फिरवला, दगड काढून बाजूला, तार गुंडाळली. फरशीवर दोन खोडं, एक दगड, एक तारेचं भेंडोळं. मग परत उलट क्रमाने. हात थरथरत होते पण उभं राहिलं. ते "हं" म्हणाले आणि पुढे गेले. त्या "हं"चे किती मार्क धरायचे यावर आमची कँटीनमध्ये लई चर्चा झाली.

डिस्प्ले संपल्यावर प्रत्येकाच्या सामानाचं काय करायचं हा प्रश्न असतोच, कॉलेजचं स्टोअर आधीच्या बॅचच्या पीओपीने भरलेलं. पळसाची पानं झाडांच्या आळ्यात गेली. तांबं वजन करून परत गेलं, माझ्या पुंगळीसकट, काकांनी काटा बघून मान हलवली म्हणे. सिन्नरकराने आपलं काकांच्या दुकानासमोर लावलंय, गिऱ्हाईकं विचारतात काय भाव. आणि माझं छोट्या हत्तीत (म्हणजे छोट्या टेम्पोत) घालून निफाडला, कारण टाइटनर आणि तार परत द्यायची होती आणि मामीला बघायचं होतं. पुढच्या बॅचला एक सांगते, गाडीचं भाडं त्या ३०० मध्ये धरायचं की नाही हे सरांना आधीच विचारून घ्या, आमच्याकडे त्यावरून भांडणं झाली.

मामाच्या अंगणात मी ते परत उभं केलं. माल तोडायची घाई चाललेली, मजूर जेवायला बसलेले, सगळे बघायला आले. मामीने विचारलं हे झालं का आता सरपण. आबांनी खोडकिड्याचं भोक शोधून त्यात बोट घातलं. मामा हात पुसत आला, एकदा इकडून एकदा तिकडून बघितलं, शिल्प वगैरे काही नाही, सरळ तारेला अंगठ्याने दाबलं आणि म्हणाला, "ढिली आहे गं," आणि पान्याने टाइटनरला अर्धा आटा दिला. झोळ बदलला म्हणून मी ओरडले. त्याने ऐकलं नाही. अजून एक अर्धा दिला.